पार्किंगखालची विहीर

आजी म्हणाली, “पाच परस खोल होती बघ,” आणि मी वहीत लिहून घेतलं, ‘पाच पर्स’.

दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला विहिरीची चौकशी करायला बसवलं की हे असं होतं. परस म्हणजे घरामागचं अंगण एवढंच मला माहीत होतं. विहिरीची खोलीही परसात मोजतात, एक परस म्हणजे साधारण एका माणसाची उंची, हे मला हॉस्टेलवर रूममेटने सांगितलं. ती मराठी माध्यमाची. हायपरबोलाला ‘अपास्त’ म्हणते आणि वर आपल्यालाच विचारते, “यात हसण्यासारखं काय आहे?” या लेखातलं शुद्धलेखन तिने तपासलंय. तरीही ज्या चुका राहिल्या असतील त्या माझ्या.

तर विहीर. आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. चार मजले, लिफ्ट नाही, खाली पेव्हर ब्लॉकचं पार्किंग. बिल्डिंगच्या आधी त्या जागी कौलारू चाळ होती आणि चाळीच्या आधी भातखाचरं. आजी लग्न होऊन आली ती चाळीत. तिच्या सांगण्याप्रमाणे चाळीच्या मागे एक विहीर होती. नळ आल्यावर तिचं पाणी धुण्याभांड्यापुरतं उरलं आणि १९८४ साली चाळ पाडली तेव्हा ती कुणी बुजवली नाही, नुसती झाकली. “लोखंडाचे दांडे आडवे टाकले, त्यावर शहाबादी फरश्या, वर माती लोटली. मी इथे उभी राहून बघितलंय.” तेव्हापासून आजी पार्किंगच्या त्या कोपऱ्यातून चालत नाही. दुधाची पिशवी आणायलासुद्धा भिंतीच्या कडेकडेने जाते. लहानपणी मी तिथे लंगडी खेळायला लागले की वरून हाक यायची, “अगं, तिकडे नको गं!”

बाबांचं म्हणणं वेगळं. मंजूर नकाशात विहीर नाही, सोसायटीच्या फायलीत विहीर नाही, सेक्रेटरी काकांना विचारलं तर ते म्हणतात, “आम्ही ८५ ला राहायला आलो, तेव्हापासून हे असंच आहे.” शिवाय अलीकडे आजी आमटीत दोनदा मीठ घालायला लागली होती, तीच गोष्ट दिवसातून तीनदा सांगायला लागली होती. त्यामुळे विहिरीची गोष्टही त्याच डब्यात गेली. “हो आई, आहे विहीर,” असं म्हणून आम्ही गाडी तिथेच लावायचो.

१३ जून २०२१ ला घाटकोपर पश्चिमेला एका सोसायटीच्या आवारात उभी असलेली कार बघता बघता जमिनीत गेली. तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. आधी बॉनेट खाली जातं, मग मागची चाकं वर येतात, मग बुडबुडे, आणि मग नुसतं डबकं. कारमध्ये कुणी नव्हतं. तिथे जुनी विहीर होती आणि तिच्या जवळपास अर्ध्या भागावर आरसीसी घालून पार्किंग केलं होतं. आमची अकरावी तेव्हा मोबाइलवरच चालू होऊन मोबाइलवरच संपली होती, त्यामुळे व्हिडिओ बघायला वेळच वेळ होता. मी तो आजीला दाखवला. तिने पूर्ण बघितला, मोबाइल परत दिला आणि म्हणाली, “मग?” बस. त्या ‘मग’चं उत्तर द्यायला मला चार वर्षं लागली.

सेकंड इयर संपल्यावर जून २०२४ मध्ये मला ठाण्यातल्या एका सल्लागार कंपनीत सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. काम होतं जीपीआरचं. ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार! मला वाटलं मिलिटरीसारखं काहीतरी असेल. प्रत्यक्षात ती बाबागाडी निघाली. चार चाकं, धरायला दांडा, दांड्यावर स्क्रीन, आणि खाली पोटाशी एक चौकोनी खोकं जे जमिनीला जवळजवळ घासत जातं. तेच खोकं म्हणजे अँटेना. चाकात एक एन्कोडर असतो, तो अंतर मोजतो. दर दोन सेंटिमीटरला खोकं जमिनीत रेडिओ लहरींचा एक ठोका सोडतं आणि कान लावून बसतं.

तत्त्व सोपं आहे. प्रकाश हवेत एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. जमिनीत या लहरी हळू चालतात आणि किती हळू ते त्या पदार्थाच्या डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटवर अवलंबून. हवेचा तो १, पाण्याचा ८१ च्या आसपास, कोरड्या मुरमाचा समजा ९, ओल्या चिकणमातीचा २५ किंवा त्याहून जास्त. त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ३० ला भागायचं. म्हणजे कोरड्या मुरमात १० सेंटिमीटर, ओल्या मातीत ६ आणि पाण्यात जेमतेम सव्वातीन. जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथून लहरींचा काही भाग परत फिरतो. जायला-यायला लागलेला वेळ गुणिले वेग भागिले दोन, की खोली मिळाली. एवढ्यावर सगळं उभं आहे. गोम अशी की यंत्र फक्त वेळ मोजतं. वेग आपण सांगायचा असतो. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून अधोरेखितही केलं होतं, आणि तरी पुढे जे व्हायचं ते झालंच.

एखादा पाइप आडवा ओलांडला की स्क्रीनवर उलट्या वाटीसारखा बाक येतो, तोच हायपरबोला. कारण खोकं पाइपच्या अगदी वर नसतानाही तिरक्या वाटेने त्याला बघत असतं. पोकळी मात्र वेगळी दिसते. डांबराखालच्या हवेच्या पोकळीतून परतावा जोरात येतो, आणि बऱ्याचदा त्याखाली पडसाद उमटावेत तशा आणखी रेघा उमटतात. शिवाय हवेवरून आलेला परतावा आणि पाण्यावरून आलेला परतावा एकमेकांच्या उलटे असतात: एकात काळी-पांढरी-काळी पट्टी, तर दुसऱ्यात पांढरी-काळी-पांढरी. कारण लहरीला कमी कॉन्स्टंटचा पदार्थ लागतो की जास्त, त्यावर तिची दिशा बदलते. रूममेटच्या मते हा माझ्या लेखातला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे. पण हा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ठाण्यात आम्ही रात्री काम करायचो, साडेअकरानंतर, रिक्षा कमी झाल्या की. रस्त्यावर खडूने दर अर्ध्या मीटरवर रेघा मारायच्या आणि रेघेवरून बाबागाडी ढकलायची. भुर्जीपावच्या गाडीवर थांबलेले लोक हमखास विचारायचे, “काय शोधताय? सोनं?” कल्याणच्या साइटवर एक रिक्षावाले काका म्हणाले, “दुर्गाडी किल्ला बांधताना महाराजांना धन सापडलं होतं म्हणतात, तुम्हालाही सापडलं तर आमचा हिस्सा ठेवा.” आम्ही शोधत होतो काय, तर काहीच नाही! म्हणजे माती असायला हवी तिथे काही नसणं.

आणि हे ‘काही नसणं’ तयार होतं फार गुपचूप. खाली ड्रेनेज लाइनचा एखादा जॉइंट उघडतो किंवा पाण्याची लाइन झिरपत राहते. पावसाळ्यात भूजल वर आलं की आजूबाजूची बारीक माती त्या फटीतून लाइनमध्ये वाहून जाते. चमचाभर, मग वाटीभर. पोकळी हळूहळू वर सरकते, कारण तिचं छत तुकड्या-तुकड्याने पडत असतं. वर डांबर किंवा सिमेंटचा थर पुरीच्या पापुद्र्यासारखा तसाच टम्म. रस्ता वरून अगदी गुळगुळीत. मग एक दिवस पाण्याचा टँकर जातो. सोलमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये एका अंडरपासपाशी रस्ता खचला, आणि तपास करताना तिथेच खाली ८० मीटर लांबीची पोकळी सापडली, जिच्यावरून रोज गाड्या जात होत्या. त्यानंतर तिथे रडार बसवलेली वाहनं रस्त्यांवरून फिरवायला सुरुवात झाली.

आपल्याकडे तर ठाणं म्हणजे तळ्यांचं शहर. मासुंदा, उपवन, कचराळी ही राहिलेली. बुजवलेली तळी, झाकलेल्या विहिरी, खाजणात टाकलेला भराव यांचा एकत्र नकाशा कुठे मिळणार? नकाशा असूनही उपयोग होतोच असं नाही म्हणा. ठाण्यात एका बोअरवेलच्या खोदकामाने मुंबईला पाणी नेणाऱ्या जलबोगद्यालाच भोक पडलं होतं. त्याच्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईत महिनाभर १५ टक्के पाणीकपात झाली. योगायोग म्हणजे त्याच महिन्यात, २२ मार्चला, केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणलं होतं. (तो बोगदा इतका खोल आहे की आमच्या बाबागाडीलाही दिसला नसता. ४०० मेगाहर्ट्झची अँटेना चांगल्या कोरड्या जमिनीत दोन-तीन मीटर बघते. १९२९ मध्ये ऑस्ट्रियात याच तत्त्वाने हिमनदीची जाडी मोजली होती आणि डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ ने चंद्राच्या पोटात डोकावलं होतं. बर्फात आणि चंद्रावरच्या कोरड्या धुळीत बघणं सोपं. डोंबिवलीच्या चिखलात एक मीटर दिसलं तरी पेढे वाटायचे.)

जुलैच्या मध्यावर, एका रविवारी सकाळी, कल्याणहून परतताना आमच्या साइट इंजिनिअर दादाला मी गळ घातली. “दादा, माझ्या घराखाली अर्धा तास. प्लीज. आजीसाठी.” त्याने व्हॅन वळवली. पाऊस रात्रभर पडून नुकताच थांबला होता. गाड्या लावलेल्याच होत्या, रविवारी सकाळी सात वाजता कोण काढणार? दोन गाड्यांच्या मधल्या जागेत मी साडेतीन-साडेतीन मीटरच्या चार रेघा घेतल्या. आजी गॅलरीतून बघत होती. तिने बोटाने खुणा करून मला दोनदा डावीकडे सरकवलं. “स्वयंपाकघराच्या खिडकीतून रहाट दिसायचा, तेवढ्या अंतरावर,” ती म्हणत होती. ती खिडकी पडून ४० वर्षं झालेली!

रात्री मी लॅपटॉपवर डेटा साफ केला. कच्चा डेटा नेहमीच घाणेरडा दिसतो, वरपासून खालपर्यंत आडव्या रेघाच रेघा. त्या अँटेनाच्या स्वतःच्या गोंगाटाच्या असतात, म्हणून बॅकग्राउंड रिमूव्हल नावाचा फिल्टर लावायचा. तो सगळ्या ठोक्यांची सरासरी काढतो आणि प्रत्येकातून वजा करतो, त्यामुळे सगळीकडे सारखं असलेलं सगळं पुसलं जातं. ट्युटोरियलमध्ये तसंच सांगितलं होतं. फिल्टर लावला आणि चित्र स्वच्छ झालं. एका रेघेवर एकमेकांपासून मीटरभर अंतरावर दोन फिकट हायपरबोला, १८ नॅनोसेकंदांवर. सॉफ्टवेअरमध्ये वेग आधीपासून १० भरलेला होता, म्हणजे खोली ९० सेंटिमीटर. बाकी काही नाही.

मी दोन पानांचा रिपोर्ट लिहिला. इंग्रजीत, छान फॉरमॅटिंग, कव्हर पेज. ‘दोन जुने पाइप आढळले. विहिरीचा पुरावा आढळला नाही.’ बाबांनी तो जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. “ऐकलंस आई? नातीने मशीन लावून बघितलंय. आता तरी?” आजीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “आजी, खरंच काही नाहीये गं तिथे.” ती काही बोलली नाही. ताटातला भात संपवला, उठली, हात धुतले. नंतर दिवाळीपर्यंत तिने विहिरीचं नाव काढलं नाही. आईला ते बरं वाटलं. म्हणाली, एक विषय तरी संपला.

२० सप्टेंबर २०२४ ला पुण्यात बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ड्रेनेज सफाईचा अख्खा ट्रक मागच्या मागे जमिनीत गेला. ड्रायव्हर बाहेर पडला म्हणून वाचला. वर पेव्हर ब्लॉक होते आणि तिथे पूर्वी विहीर होती, असं बातम्यांमध्ये आलं. मेसमध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ. मुलं टाळ्या पिटत होती. मला उपमा गिळवेना. मग स्वतःलाच समजावलं की आमच्याकडे स्कॅन झालाय. आमच्याकडे काही नाही.

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला मी ‘ओलाव्याचा जीपीआरवर परिणाम’ असा विषय घेतला. दोन ऋतूंतला डेटा हवा आणि पावसाळ्यातला माझ्याकडे तयार होता, एवढंच त्यामागचं संशोधन! एप्रिल २०२५ मध्ये दादाच्या पाया पडून त्याच जागी, त्याच गाड्यांच्या मधे, त्याच चार रेघा पुन्हा घेतल्या. तोच फिल्टर, तोच वेग. हायपरबोला ठसठशीत आले, पण ११ नॅनोसेकंदांवर. खोली ५५ सेंटिमीटर.

गाइड सरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. आमचे सर रागावत नाहीत, तेच वाईट. ते विचारतात.

“हा पाइप पावसाळ्यात ९० सेंटिमीटरवर आणि उन्हाळ्यात ५५ वर. वर-खाली करतो का गं?”

मी वर्गातल्या पंख्याकडे बघत हिशेब केला. पावसाळ्यात माती ओली, वेग ६. अठरा सक एकशे आठ, भागिले दोन, ५४. म्हणजे पाइप जागचा हलला नव्हता. मी वेग चुकीचा भरला होता. उत्तर आलं म्हणून मी खूश झाले.

“बरं. पाइप आहेत हे कशावरून?”

“सर, हायपरबोला...”

“हायपरबोला गर्डरचाही येतो. कच्ची फाइल बघितलीस?”

मग त्यांनी सिलक्याऱ्याची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तरकाशीच्या त्या बोगद्यात ४१ मजूर अडकले होते. ढिगाऱ्यातून पाइप सरकवताना ऑगर मशीन सारखं लोखंडात अडकत होतं. २४ तारखेला सांगितलं गेलं की रडारच्या पाहणीत पुढच्या सुमारे पाच मीटरमध्ये धातूचा अडथळा दिसत नाही. मशीन पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा लोखंडात अडकलं. शेवटचे काही मीटर रॅट होल खाणकामगारांनी हाताने खणले आणि २८ नोव्हेंबरला सगळे बाहेर आले. सर म्हणाले, “दिसत नाही आणि नाही, हे रिपोर्टमध्ये वेगवेगळं लिहायचं असतं.” आणि चहा प्यायला गेले.

त्या रात्री एक-दीडच्या सुमारास मी जुलैची कच्ची फाइल उघडली, फिल्टर न लावता. रूममेट झोपली होती, म्हणून दिवा बंद करून स्क्रीनच्या उजेडात. वर नेहमीच्या गोंगाटाच्या रेघा होत्या. आणि त्यांच्या खूप खाली, १८ नॅनोसेकंदांच्या जरा पुढे, आणखी एक आडवी पट्टी. अंधुक, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. सपाट. गोंगाट एवढ्या खाली नसतो. मी एप्रिलची फाइल उघडली. तीच पट्टी, तिथे तर चांगली जाड, आणि तिच्याखाली पडसादांच्या दोन-तीन रेघा.

माझ्या पोटात गोळा आला. साडेतीन मीटरची माझी रेघ अख्खीच्या अख्खी एका सपाट वस्तूच्या वर होती. पट्टी सगळीकडे सारखी होती, म्हणून फिल्टरने ती गोंगाट समजून पुसली. फिल्टरची काही चूक नाही, त्याचं कामच ते. जेवढं वेगळं होतं तेवढं त्याने ठेवलं: दोन आडवे दांडे.

दांडे! मी ट्रंकेतून ती जुनी वही काढली. ‘पाच पर्स’च्या खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: लोखंडाचे दांडे, त्यावर शहाबादी, वर माती.

मग दोन्ही पट्ट्या मोठ्या करून शेजारी ठेवल्या. एप्रिलमध्ये काळी-पांढरी-काळी. जुलैमध्ये पांढरी-काळी-पांढरी. म्हणजे एप्रिलमध्ये फरशीखाली हवा होती, जुलैमध्ये पाणी. उन्हाळ्यात खाली जातं आणि पावसाळ्यात फरशीला टेकतं असं पाणी पाइपमध्ये नसतं.

मी घरी फोन केला तेव्हा पहाटेचे पावणेतीन झाले होते. बाबांनी घाबरून उचलला. “काय झालं? बरी आहेस ना?” मी म्हटलं, “बाबा, गाडी काढा. आत्ता. खाली जाऊन गाडी काढा आणि शेजारच्या काकांनाही उठवा.” आणि मग मला रडूच यायला लागलं. रूममेट उठून बसली, तिला वाटलं घरी कुणीतरी गेलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, “नक्की?” आणि मी पहिल्यांदाच नीट उत्तर दिलं, “नक्की नाही. पण काढा.”

सेक्रेटरी काका चिडले, साहजिकच. रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू होती आणि आठ गाड्यांचं पार्किंग बंद. “जुलैमध्ये तुझाच रिपोर्ट होता ना, काही नाही म्हणून? मी तो मीटिंगमध्ये फिरवलाय!” यावर मी काय बोलणार? तो रिपोर्ट मी परत मागितला आणि सगळ्यांसमोर चुकीचा आहे असं सांगितलं. बावीस फ्लॅटचे लोक खुर्च्यांवर बसलेले. व्हायव्हा यापेक्षा सोपी असते.

पुढच्या रविवारी सगळं आवार मोकळं करून, माणसांना लांब उभं करून, दादाने स्वतः लांब रेघा घेतल्या, दहा-दहा मीटरच्या. आता पट्टीला सुरुवात होती आणि शेवट होता. प्रत्येक रेघेवरचा सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू आम्ही खडूने पेव्हर ब्लॉकवर मांडत गेलो. वर्तुळ तयार झालं. सुमारे पावणेचार मीटर व्यासाचं. आजीने गॅलरीतून दाखवलेल्या जागेपेक्षा फार तर हातभर उजवीकडे.

महापालिकेला कळवणं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावणं, बॅरिकेड, हे सगळं पुढे रीतसर झालं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही, अर्जच अर्ज. जूनच्या आत कडेने ब्लॉक उचलले, माती काढली आणि एक फरशी सरकवली. गर्डर गंजून पापुद्रे सुटलेले. एकाची जाडी बोटाएवढी राहिली होती. इंजिनिअर साहेबांनी तो नुसता दाबून बघितला आणि काही न बोलता हात पुसला. मी बाबांकडे बघितलं. आमची गाडी नऊ वर्षं त्याच्यावर उभी होती.

कामगाराने दोरीला ओळंबा बांधून खाली सोडला. दोरी सुटतच राहिली. वर काढून मोजली, साडेअठ्ठावीस फूट. मी मनातल्या मनात पाचने भागलं.

आजी खुर्ची टाकून बॅरिकेडच्या बाहेर बसली होती. तिला कुणी “तू बरोबर होतीस” वगैरे म्हटलं नाही, बाबांच्या तोंडून ते निघालं नाही आणि माझ्याही. मी जाऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसले. तिने कामगाराला सांगितलं, “एक खडा टाक रे.” त्याने टाकला. मधे थोडा वेळ गेला, मग आवाज आला. आजीने मान हलवली.

“पाणी आहे अजून,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “तुझ्या त्या मशीनला कळतं का गं, गोड आहे का ते?”

“नाही कळत, आजी.”

“चैत्रात थोडं मचूळ व्हायचं,” ती म्हणाली आणि उठून, भिंतीच्या कडेकडेनेच, वर गेली.